सेटरचे ज्ञान आणि संगणकाचे नियम

प्लास्टिकच्या साचेकामात तज्ज्ञ प्रणाली वापरण्याचे प्रयत्न १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात जोर धरू लागले आणि पुढील पंधरा-वीस वर्षांत त्यांची अनेक रूपे पुढे आली. तज्ज्ञ प्रणाली म्हणजे एखाद्या क्षेत्रातील जाणकाराचे ज्ञान ‘असे असेल तर तसे करावे’ अशा नियमांत बांधून, त्या नियमांच्या आधारे प्रश्न विचारणारी, निष्कर्ष काढणारी आणि तो निष्कर्ष का काढला हेही सांगू शकणारी संगणकीय रचना. या प्रयत्नांचा इतिहास बहुधा विद्यापीठे, संशोधनपत्रिका आणि यंत्रनिर्माते यांच्या बाजूने सांगितला जातो. ज्यांचे ज्ञान नियमांत बांधायचे होते त्या माणसांची बाजू त्यात क्वचितच येते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग औद्योगिक पट्ट्यातून हा इतिहास पाहिला की ती बाजू ठळकपणे समोर येते, कारण येथील साचेकामाचे ज्ञान कितीतरी वर्षे कागदावर न येता माणसांच्या हातांत आणि डोळ्यांत राहिले, आणि त्याच काळात येथून साठ किलोमीटरच्या आत, मुंबईत, जाणकाराचे ज्ञान संगणकात कसे उतरवावे यावर भारतातील महत्त्वाचे संशोधन चालले होते.

या पट्ट्याची औद्योगिक घडण टप्प्याटप्प्याने झाली. अंबरनाथला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आणि धरमसी मोरारजी कंपनीचा रसायनांचा कारखाना स्वातंत्र्यापूर्वीच उभे राहिले होते. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी वसली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिच्याच बराकींमध्ये आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव देण्यात आले. जमीन, शेती, दुकान, सगळे मागे टाकून आलेल्या या समाजाने बराकीच्या एका खोलीत मावेल असा कोणताही उद्योग वर्ज्य मानला नाही. १९५३ साली अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी सुरू झाली, आणि तिच्यासारख्या कारखान्यांमुळे लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग येणारा कुशल कामगार या भागात रुजला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील एमआयडीसी, स्थापन झाले, आणि त्याच्या आरंभीच्या कामांत अंबरनाथ परिसराचा समावेश होता. पुढे बारवी धरणाच्या पाण्यावर अंबरनाथ आणि बदलापूरच्या वसाहती वाढत गेल्या.

प्लास्टिकला लागणारे बाकीचे सर्व घटकही याच सुमारास जवळपास उपलब्ध झाले. पॉलिकेम कंपनीने १९५७ साली चेंबूरला पॉलिस्टायरीन बनवण्यास सुरुवात केली, त्यानंतर दोन वर्षांनी ट्रॉम्बे भागात युनियन कार्बाइडचे पॉलिथिलीन निघू लागले, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला. ठाण्यात आर. एच. विंडसर कंपनी १९६०च्या दशकातच इंजेक्शन मोल्डिंगची यंत्रे बनवू लागली होती. दाणा चेंबूरचा, मशीन ठाण्याचे, साचा ओळखीच्या टूलरूमचा आणि बाजारपेठ मुंबईची, अशी सोय देशात फार थोड्या ठिकाणी होती. १९६७ पासून केंद्र सरकारने अनेक वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्याचे धोरण स्वीकारले, आणि त्यामुळे एक-दोन मशीनच्या गाळ्यालाही टिकून राहण्याइतके संरक्षण मिळाले. या गाळ्यांमध्ये अभियंता नेमणे परवडणारे नव्हते. तेथे मशीन लावण्याची जबाबदारी ज्याच्यावर असे, त्याला सेटर म्हणत आणि आजही म्हणतात.

सेटरचे काम समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास समजणे कठीण आहे. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये हॉपरमधून पडलेला दाणा तापलेल्या बॅरलमध्ये येतो, बॅरलमधील स्क्रू फिरून त्याला घुसळतो, वितळवतो आणि पुढे जमा करतो. मग तोच स्क्रू दट्ट्यासारखा पुढे सरकून वितळलेला माल नोझलमधून बंद साच्यात ढकलतो. साचा भरल्यावरही काही सेकंद दाब धरून ठेवावा लागतो, कारण थंड होताना प्लास्टिक आकसते आणि ती तूट भरून काढण्यासाठी आणखी माल आत जावा लागतो. या टप्प्याला होल्डिंग म्हणतात. त्यानंतर पीस घट्ट होईपर्यंत थांबायचे, साचा उघडायचा आणि पीस बाहेर काढायचा. एका चक्रातील सर्वांत मोठा वाटा बहुधा थंड होण्याचा असतो, आणि हा वेळ भिंतीच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की थांबण्याचा वेळ सुमारे चौपट होतो.

वर्णन सोपे आहे, अडचण परस्परसंबंधांची आहे. साचा पूर्ण भरत नसेल, म्हणजे शॉर्ट येत असेल, तर दाब वाढवावा. पण दाब वाढवला की साच्याच्या दोन अर्ध्यांच्या फटीतून माल निसटून पातळ पापुद्रा येतो, ज्याला फ्लॅश म्हणतात. माल पातळ व्हावा म्हणून तापमान वाढवावे, तर थंड होण्याचा वेळ वाढतो, उत्पादन घटते आणि जास्त वेळ बॅरलमध्ये राहिलेला माल करपू लागतो. जाड भागावर खळगा, म्हणजे सिंक मार्क, दिसत असेल तर होल्डिंग वाढवावे. पण साच्याचे तोंड, म्हणजे गेट, आधीच गोठलेले असेल तर कितीही वेळ दाब धरला तरी आत काहीच जात नाही आणि सेकंद मात्र वाया जातात. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना साधारण एक ते अडीच टक्के आकसते, पॉलिस्टायरीन अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्यामुळे एका मालावर बसवलेली सेटिंग दुसऱ्यावर चालत नाही. त्यात स्प्रू आणि रनर, म्हणजे साच्यापर्यंत माल नेणाऱ्या वाटांत गोठलेले तुकडे, दळून केलेला ग्राइंडिंगचा माल नव्या दाण्यात किती मिसळला आहे यावर सगळे गणित पुन्हा हलते. तापमानाचे चार-पाच झोन, दाब, वेग, स्क्रूचे फेरे, बॅक प्रेशर, शॉटचे, म्हणजे एका चक्रात साच्यात जाणाऱ्या मालाचे, माप आणि निरनिराळे वेळ मिळून वीसएक चलांचा हा पसारा सेटर मनातल्या मनात सांभाळतो. पीस हातात घेऊन, उजेडासमोर धरून, वाकवून, वास घेऊन आणि मशीनचा आवाज ऐकून तो कोणते चल किती फिरवायचे हे ठरवतो. हे ज्ञान उच्च दर्जाचे आहे, आणि त्याला केवळ हातखंडा म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरते.

या पट्ट्याच्या, म्हणजे उल्हास नदीच्या खोऱ्याच्या, हवामानाने या ज्ञानात आणखी भर घातली. जून ते सप्टेंबर या काळात येथील हवा ओलाव्याने जड असते, आणि नायलॉन, पॉलिकार्बोनेट, एबीएस यांसारखी प्लास्टिके हवेतील ओलावा शोषून घेतात. उन्हाळ्यात बदलापूर-अंबरनाथचा पारा चाळिशीच्या वर चढतो, तेव्हा कूलिंग टॉवरचे पाणीच कोमट होते आणि जानेवारीत नीट चाललेला साचा मे महिन्यात त्याच वेळेत पीस घट्ट करत नाही. म्हणून एकाच साच्याच्या तीन ऋतूंच्या तीन सेटिंगा अनुभवी सेटरच्या लक्षात असतात. सुट्टीनंतर थंड पडलेले मशीन पुन्हा गरम करताना बॅरलमध्ये राहिलेला माल करपू न देता आधी बाहेर काढणे, हेही याच अलिखित शास्त्राचे एक कलम.

या पट्ट्यात गाळे वाढत होते त्याच काळात अमेरिकेत अलिखित ज्ञान लिखित करण्याचा एक वेगळा मार्ग शोधला जात होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६५ पासून एडवर्ड फायगेनबॉम, जोशुआ लेडरबर्ग आणि त्यांचे सहकारी डेंड्रल नावाच्या प्रणालीवर काम करत होते. रासायनिक संयुगाची रचना ओळखण्याचे तज्ज्ञांचे कौशल्य तिच्यात नियमरूपाने उतरवले गेले. १९७०च्या दशकात तेथेच एडवर्ड शॉर्टलिफ यांनी रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान सुचवणारी मायसिन ही प्रणाली तयार केली. तिच्यात काही शे नियम होते, प्रत्येक निष्कर्षाला किती खात्री आहे हे दाखवणारा एक अंक जोडलेला होता, आणि ‘हा प्रश्न का विचारला?’ असे विचारले तर ती उत्तर देत असे. या कामांतून तज्ज्ञ प्रणालीचे दोन भाग स्पष्ट झाले: नियमांचा साठा म्हणजे ज्ञानसंग्रह, आणि ते नियम लागू करून निष्कर्षापर्यंत पोहोचणारी अनुमान यंत्रणा. ज्ञानसंग्रह काढून टाकला की उरलेल्या सांगाड्यात दुसऱ्या एखाद्या विषयाचे नियम भरता येतात. या सांगाड्याला शेल म्हणतात. सर्वांत अवघड काम मात्र संगणकाबाहेरचे ठरले. जाणकाराला जे कळते ते त्याच्याकडून काढून घेणे, म्हणजे ज्ञानसंपादन, हाच या विद्येचा अरुंद घाट आहे, असे फायगेनबॉम यांनीच दाखवून दिले.

भारतात या विषयाला संघटित रूप १९८६ साली आले. जपानने १९८२ मध्ये पाचव्या पिढीच्या संगणकांचा प्रकल्प हाती घेतल्यानंतर अनेक देशांत हालचाल सुरू झाली होती. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ज्ञानाधारित संगणक प्रणालींचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि मुंबई, बंगळूर, मद्रास, कोलकाता येथील संस्थांना त्यात वाटा दिला. जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, म्हणजे एनसीएसटी, ही त्यांपैकी एक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक केंद्रातून पुढे आलेल्या या संस्थेचे नेतृत्व श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होते. तिने विद्वान नावाचा तज्ज्ञ प्रणालीचा शेल तयार केला, ज्यात विषयाचा जाणकार आणि संगणकतज्ज्ञ मिळून आपले नियम भरू शकत. मद्रासच्या आयआयटीत ग्रामीण आरोग्यसेवकांना मदत करणारी एकलव्य ही प्रणाली याच कार्यक्रमात झाली. डिसेंबर १९८९ मध्ये मुंबईत या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि भारतीय संशोधन या क्षेत्रात मागे नाही हे तिने दाखवून दिले. तेव्हा अंबरनाथच्या गाळ्यात संगणक असणे ही दुर्मीळ गोष्ट होती, आणि असला तर तो हिशेबासाठी असे; तरीही साचेकामासाठी लागणारा शेल, तो बनवणारी माणसे आणि त्यात भरण्याजोगे ज्ञान ही तिन्ही मध्य रेल्वेच्या आणि पश्चिम रेल्वेच्या एका दिवसाच्या प्रवासात सापडत होती, ही वस्तुस्थिती या इतिहासात नोंदवली गेलीच पाहिजे.

साचेकामासाठी प्रत्यक्ष प्रणाली इतरत्र झाल्या. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या इओआनिस पांडेलिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये डिटेक्टर ही दोषनिदानाची प्रणाली मांडली. हाँगकाँगमध्ये सी. के. क्वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात निराळी वाट धरली: नव्या साच्यासाठी नियमांनी सुरुवात न करता, आधी केलेल्या कामांच्या नोंदींतून सर्वांत जवळचे प्रकरण शोधायचे आणि त्याची सेटिंग थोडी बदलून वापरायची. ही पद्धत सेटरच्या विचारपद्धतीशी सर्वाधिक जुळते, कारण नवा साचा चढवताना तोही आधी ‘यासारखा कोणता साचा चालवला होता’ हेच आठवतो. दुसऱ्या बाजूला गणिताचा प्रवाह वाहत होता. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात के. के. वाँग यांच्या नेतृत्वाखाली १९७४ पासून साचा भरण्याच्या प्रक्रियेचे गणिती प्रतिरूप तयार होत होते, आणि ऑस्ट्रेलियात कॉलिन ऑस्टिन यांनी १९७८ मध्ये मोल्डफ्लो कंपनी काढली. साचा कापण्याआधीच माल त्यात कसा वाहील हे ही प्रतिरूपे सांगत. नियमांची प्रणाली मात्र साचा मशीनवर चढल्यानंतरच्या वेळेची होती, जेव्हा पीस खराब येत असतो, माल वाया जात असतो आणि गिऱ्हाईक थांबलेले असते.

अशी प्रणाली कसा विचार करते हे एका उदाहरणावरून पाहता येते. जुलै महिन्यात नायलॉनच्या पीसवर गेटपासून पसरत गेलेल्या चंदेरी रेषा दिसू लागल्या आहेत असे समजावे. प्रणाली आधी विचारते की माल ओलावा शोषणारा आहे का. उत्तर होकारार्थी आल्यावर तो किती अंशांवर आणि किती वेळ सुकवला हे विचारते. उत्तर ‘८० अंश सेल्सिअसवर चार तास’ असे आले तर ओलाव्याची शक्यता कमी होते, पण संपत नाही; म्हणून पुढचा प्रश्न येतो की सुकवलेला माल हॉपरमध्ये उघडा किती वेळ राहिला. पावसाळ्यात हा एकच प्रश्न निदान फिरवू शकतो. त्यानंतर ती एक चाचणी सुचवते: नोझल साच्यापासून मागे घेऊन वितळलेला माल हवेत सोडावा, म्हणजे पर्ज करावा. माल फसफसत, तडतडत, बुडबुडे घेऊन बाहेर आला तर दोष ओलाव्याचा. तो गुळगुळीत आला पण पिवळसर झाला आणि त्याला करपट वास आला तर दोष जास्त तापमानाचा किंवा बॅरलमध्ये फार वेळ राहिल्याचा. पहिल्या स्थितीत माल पुन्हा सुकवायचा, दुसऱ्या स्थितीत तापमान पाच-दहा अंशांनी उतरवायचे किंवा स्क्रूचा वेग आणि बॅक प्रेशर कमी करायचे, आणि एका वेळी एकच बदल करून काही शॉट जाऊ द्यायचे, म्हणजे मशीन स्थिर झाल्यावर परिणाम खरा कळतो.

या शृंखलेतील एकही नियम संगणकाने शोधलेला नाही. तो कोणत्या ना कोणत्या सेटरने अनेक पावसाळ्यांत, वाया गेलेल्या मालाच्या किमतीत मिळवलेला आहे. संशोधनलेखांत सेटरचा उल्लेख बहुतेक वेळा ‘विषयतज्ज्ञ’ एवढाच येतो, आणि ही त्या साहित्याची उणीव मानावी लागेल; ज्याच्या वाक्यांतून ज्ञानसंग्रह उभा राहतो तो त्या संग्रहाचा सहलेखकच असतो.

सेटरचे ज्ञान काढून घेणे इतके कठीण का ठरले, याची कारणे अनेक आहेत. सेटर ‘थोडे वाढव’, ‘जरा थांब’ असे बोलतो. लोटफी झादेह यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या संदिग्ध संचांच्या सिद्धांताने अशा शब्दांना गणितात जागा करून दिली, तरी ‘थोडे’ म्हणजे किती हे मशीनागणिक बदलते, कारण जुन्या मशीनच्या दाबमापकावरचा आकडा आणि साच्यातला खरा दाब यांत मोठे अंतर असू शकते. भाषेचा अडसरही होता. या पट्ट्यातील गाळ्यांत मराठी, हिंदी आणि सिंधीची सरमिसळ चालते, तर प्रणाली इंग्रजीत प्रश्न विचारत. शिवाय जॉबवर्कवर, म्हणजे दुसऱ्याच्या मालाचे पीस दर नगाच्या हिशेबाने काढून देण्यावर, चालणाऱ्या मालकाला अशा गुंतवणुकीचे फळ लगेच दिसत नसे. सर्वांत खोल कारण मात्र माणसाचे होते. सेटरची किंमत त्याला जे येते आणि इतरांना येत नाही त्यावर ठरते. ते सगळे सांगून टाकले की आपले काय, ही त्याची शंका रास्त होती, आणि तिचे उत्तर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नव्हते. ज्ञान देणाऱ्याला वेतनात, पदात आणि शिकवण्याच्या अधिकारात त्याचा मोबदला मिळाला असता, तर या प्रणालींचा इतिहास नक्कीच वेगळा झाला असता.

१९९१ नंतर आयात शुल्क उतरले, मायक्रोप्रोसेसर नियंत्रणाची मशीने गाळ्यांत येऊ लागली, आणि वाहनउद्योगाने आपल्या पुरवठादारांकडून आयएसओ ९००० सारख्या प्रमाणपत्रांची आणि लेखी सेटिंग शीटची मागणी सुरू केली. साच्याचा क्रमांक, माल, झोननिहाय तापमान, दाब, वेग आणि वेळ नोंदवणारा हा कागद दिसायला साधा, पण त्याने जे केले ते अनेक महागड्या प्रणालींना जमले नव्हते: सेटरच्या डोक्यातील सेटिंग प्रथमच कारखान्याच्या मालकीची झाली. पुढे शास्त्रीय मोल्डिंग म्हणून ओळखला जाणारा विचार पसरला, ज्यात सुहास कुलकर्णी यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथासारख्या पुस्तकांचा वाटा आहे. या पद्धतीत अंदाजाऐवजी लहान लहान प्रयोग करतात. होल्डिंग किती सेकंद ठेवावे हे ठरवण्यासाठी वेळ एक-एक सेकंदाने वाढवत प्रत्येक वेळचा पीस काट्यावर तोलायचा. वजन वाढणे थांबले तो क्षण गेट गोठण्याचा, आणि त्यानंतरचा प्रत्येक सेकंद वाया जाणारा. ग्रॅमचा शतांश दाखवणारा वजनकाटा हे या प्रयोगाचे मुख्य उपकरण, आणि ते बहुतेक गाळ्यांना परवडणारे आहे.

नव्या शतकात नियमांचा साठा वेगळ्या संगणकावर न राहता मशीनच्याच नियंत्रकात शिरला. युरोपातील एंगेल आणि क्राउस माफाय यांसारख्या कंपन्यांच्या मशीनवर आता प्रत्येक शॉटमध्ये मालाचा घट्टपणा बदलला तर यंत्रणा होल्डिंगकडे वळण्याचा बिंदू स्वतः सरकवते. साच्यातील दाब मोजणारे सेन्सर बसवले की खराब पीस वेगळा काढण्याचे कामही आपोआप होते. पण ग्राइंडिंगचा माल किती टक्के मिसळला, साचा मागच्या आठवड्यात कोठे दुरुस्त झाला, गोणी पावसात भिजली होती का, यातले काहीही सेन्सरला कळत नाही. हे सांगणारा माणूस लागतो, आणि त्याने सांगितलेले टिपून ठेवण्याची सोय लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत प्लास्टिक प्रोसेसिंग ऑपरेटर हा अभ्यासक्रम आहे, आणि सिपेट ही १९६८ साली मद्रासला सुरू झालेली केंद्रीय संस्था छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रातून महाराष्ट्रातही शिकवते. अशा अभ्यासक्रमांत उल्हास खोऱ्यातील सेटरांनी पावसाळ्यागणिक आणि साच्यागणिक केलेल्या दोषांच्या नोंदी मराठी-हिंदीत, त्यांच्या नावासह, पाठ्यसाहित्य म्हणून घेता येतील. त्यासाठी लागणारा शेल १९८०च्या दशकातच मुंबईत तयार झाला होता, आणि आज तेच काम एका मोबाइल फोनवर होऊ शकते.